विनापासिंग ई-बाईक आणि पोलीस: गॅरेजमध्ये रोज विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत माझं इलेक्ट्रिक दुचाकींचं छोटं गॅरेज आहे. हल्ली दुरुस्तीपेक्षा चौकशीलाच जास्त माणसं येतात. कुणाची गाडी उचललेली असते, कुणाच्या गळ्यात "पासिंगची भानगडच नाही" म्हणून गाडी मारलेली असते. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. मी वकील नाही. कलमं स्वतः वाचलेली आहेत, आणि बाकीचं गिऱ्हाइकांबरोबर पोलीस चौकीच्या पायऱ्या चढून समजलेलं आहे. कोर्टाची तारीख लागली असेल तर वकील गाठाच.

बिनानंबरची ई-बाईक चालवणं मुळातच बेकायदेशीर आहे का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २(यू) मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची व्याख्या आहे. मोटरची ताकद ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. आणि या दोन्ही गोष्टी सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून तसं प्रमाणपत्र दिलेलं हवं. तिन्ही जुळलं की कायद्याच्या लेखी ती गाडी मोटार वाहनच नाही, सायकलच्या पंगतीतली. पासिंग नको, लायसन नको, विमा नको, रोड टॅक्स नको, हेल्मेटची सक्तीही नाही.

शोरूमवाला पहिल्या दोन अटी तोंडपाठ म्हणून दाखवतो. तिसरी विचारली की चहा मागवतो. चाचणी संस्था काही लांब नाहीत. वेताळ टेकडीवरची एआरएआय आपल्या पुण्यातली, सीआयआरटी तर आमच्या भोसरीतलीच. प्रमाणपत्र मॉडेलला मिळतं, त्यामुळे त्याची झेरॉक्स प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायला दुकानदाराचं काहीच जात नाही. तो देत नसेल तर का देत नाही, हे ज्याचं त्याने ओळखावं.

मग ती बेकायदेशीर होते कधी?

तीनपैकी एक अट मोडली की. त्या क्षणी ती सायकलच्या पंगतीतून उठते आणि मोटार वाहनांच्या पंगतीत येऊन बसते. मग पासिंग नाही हा एक गुन्हा, विमा नाही हा दुसरा, लायसन नसेल तर तिसरा. सगळं एकदम अंगावर येतं.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत चार प्रकार दिसतात. वेगाचं लॉक काढलेल्या. मोठा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज जायची ते ठरवणारी डबी, बसवलेल्या. एक बॅटरी जादा घातलेल्या. आणि चौथा प्रकार म्हणजे ज्यांची चाचणीच कधी झाली नाही अशा: सुटे भाग आणून गोदामात जोडलेल्या, वर छानसा स्टिकर. चौथ्या प्रकारात मालकाने काहीही केलेलं नसतं, तरी गाडी पहिल्या दिवसापासून बेकायदेशीर.

मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी सगळ्या आरटीओंना अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढायला सांगितलं, ते याच चार प्रकारांमुळे. त्याआधी दोनच महिने पुण्यात भररस्त्यात एक ई-स्कूटर पेटलेली सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली होती. ती गाडी पासिंगवाली होती, पण धाक सगळ्यांनाच बसला.

"लॉक काढणं" म्हणजे नेमकं काय करतात?

सीट उघडा. बॅटरीच्या पेटीमागे किंवा पाय ठेवायच्या पाट्याखाली पत्र्याची चपटी डबी असते, पाठीला पंख्यासारख्या पट्ट्या. तो कंट्रोलर. त्यातून वायरींचा झुपका निघतो. त्यात एक बारीक जोडी असते, बहुतेकदा स्वतःलाच वळसा घालून छोट्या प्लगमध्ये खोचलेली. ती जोडलेली असली की गाडी पंचविशीत अडखळते, काढली की चाळीस-पंचेचाळीसला जाते. काही गाड्यांत ती वायर शोधावीही लागत नाही, हँडलवरचं बटण दाबून धरलं की काम होतं.

दुसरा उद्योग बॅटरीचा. ६० व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. सहावी जोडली की ७२ व्होल्ट, आणि वेग साधारण पाचवा हिस्सा वाढतो. आतला कंट्रोलर त्या व्होल्टेजसाठी बनलेला नसेल तर त्यातले कपॅसिटर फुगतात. असा एक कंट्रोलर मी काउंटरवर ठेवला आहे. लॉक काढून मागणाऱ्याच्या हातात आधी तोच देतो. वास अजून गेलेला नाही.

खरं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात मीही वायरी काढल्या आहेत. पन्नास रुपये मिळायचे आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. पुढे पोरं पोलिसांच्या कागदासह परत यायला लागली, तेव्हा आपण काय करून ठेवलंय ते कळलं.

रस्त्यावर पोलिसांना कसं कळतं? त्यांच्याकडे वॅट मोजायचं मीटर थोडंच असतं?

नसतं. पण डोळे असतात. बिनानंबरची गाडी पेट्रोलच्या स्कूटरला मागे टाकून उड्डाणपूल चढत असेल, वर डबलसीट, तर मीटर कशाला लागतं? गाडी थांबवली की सीट उघडायला लावतात आणि कंट्रोलरचा स्टिकर बघतात.

इथे एक गोची आहे आणि ती समजून घ्या, कारण कायद्यात बसणारे लोकही यात अडकतात. स्टिकरवर "६० व्होल्ट, १५ अँपिअर" असं लिहिलेलं असतं. गुणाकार केला की ९०० वॅट. शिपाई म्हणतो, "अडीचशेची गाडी म्हणता आणि हे काय?" पण नियमातले २५० वॅट ही मोटरची तीस मिनिटांची ताकद आहे, म्हणजे मोटर सलग अर्धा तास जेवढी देऊ शकेल तेवढी. चढावर दोन-चार सेकंद ती त्याहून जास्त खेचते, आणि कंट्रोलरवरचा आकडा त्या खेचण्याचा असतो. तेव्हा नुसत्या गुणाकारावरून गाडी बेकायदेशीर ठरत नाही. चौकात उभं राहून हे समजावणं अवघड, आणि उलट बोलतोय असं वाटलं की गेलंच काम. तिथे प्रमाणपत्राची झेरॉक्सच बोलते. शेवटचा निर्णय आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीवर होतो. त्यामुळे "साहेब, निरीक्षकांकडून तपासून घ्या" एवढंच नम्रपणे म्हणा.

पावती फाडायची सोडून थेट गाडीच का उचलतात?

वाहतूक पोलिसाच्या हातातलं ई-चलानचं मशीन नंबरावर चालतं. चौकातले कॅमेरेही नंबरच वाचतात. तुमच्या गाडीला नंबर नाही, मग पावती फाडायची कुणाच्या नावाने? सिग्नल तोडलेल्या पेट्रोलवाल्याला मोबाईलवर मेसेज येतो, आणि तो लोकअदालतीची वाट बघत वर्षभर निवांत फिरतो. तुमच्या बाबतीत पोलिसांपुढे दोनच वाटा उरतात: समज देऊन सोडा, नाहीतर गाडीच ठेवून घ्या. नंबर नाही हा जो फायदा सांगून गाडी विकली, तोच असा उलटतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम २०७ पोलिसांना पासिंग नसलेलं वाहन ताब्यात घ्यायचा अधिकार देतं. म्हणजे जप्ती ही काही दादागिरी नाही, कायद्यातलीच गोष्ट आहे. पण गाडी खरोखर तिन्ही अटींत बसत असेल तर हे कलम तिला लागूच होत नाही, कारण ती मोटार वाहन नाही. सगळं भांडण तिथेच आहे, आणि ते सिद्ध करायचं ओझं व्यवहारात चालवणाऱ्याच्याच डोक्यावर येतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती इथेच सांगून टाकतो. दुकानावर धाड घालायची तर पथक लागतं, पंच लागतात, तपासणीचा अहवाल लागतो. चौकात गाडी अडवायला शिट्टी पुरते. त्यामुळे वायर कापणारा दुकानात बसून राहतो आणि त्या वायरीवर पोट भरणारा ठाण्याच्या आवारात.

दंड किती बसतो?

पासिंग नसलेलं मोटार वाहन चालवलं तर कलम १९२ प्रमाणे पहिल्या खेपेला २,००० ते ५,००० रुपये. पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० रुपये किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन नसेल तर कलम १८१ चे ५,०००. विमा नसल्याबद्दल कलम १९६ चे २,०००. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला कलम १८२ए मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हेल्मेट वेगळं. प्रत्यक्षात सगळी कलमं एकदम क्वचितच लागतात. पण लागू शकतात, आणि तेवढ्यावरच चौकात अर्धा सौदा होतो. सौदा करू नका. पावती मागा.

गाडीत मी काहीही केलं नाही. शोरूमवाल्यानेच तशी दिली. भोगायचं मीच का?

हा सगळ्यात खरा प्रश्न. नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला किंवा विक्रेत्याला कलम १८२ए खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाच्या दंडाच्या वीसपट. कायदा लिहिणाऱ्याला खरा दोषी माहीत होता, असं म्हणायला हरकत नाही.

त्यासाठी तुमच्या हातात कागद हवा. बहुतेकांच्या बिलावर नुसतं "ई-स्कूटर १ नग" असतं. मॉडेलचं नाव नाही, मोटरची ताकद नाही, चासी नंबर नाही. कितीतरी बिलं तर साध्या पावतीपुस्तकातली. असं बिल असेल तर दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं, जाहिरातीचा फोटो, यूपीआयची नोंद जपून ठेवा. "पंचेचाळीस पळते, पासिंग नको" असा मेसेज एखाद्याने पाठवला असेल तर ते सोनं आहे.

मग दोन कामं करा. आरटीओकडे विक्रेत्याविरुद्ध लेखी तक्रार द्या आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घ्या. दुसरं, ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, म्हणजे आपल्या कुठल्याच ई-बाईकला नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाचे पैसे नुसत्या तिथल्या तक्रारीवर परत आले, दुसऱ्याच्या दुकानदाराने शटर ओढलं आणि दोन गल्ल्या सोडून नव्या नावाने उघडलं. दोन्ही होतं.

गाडी आत्ताच उचलली आहे. पहिल्यांदा काय करू?

वाद घालू नका, व्हिडिओ काढत पोलिसांच्या तोंडासमोर मोबाईल नाचवू नका. गाडीचे चारही बाजूंनी फोटो घ्या. किलोमीटरचा आकडा, चासी नंबर आणि बॅटऱ्यांवरचे नंबर येतील असे. बॅटरीचे नंबर का, ते ज्याची गाडी पाच बॅटऱ्यांसह गेली आणि चार बॅटऱ्यांसह परत आली त्याला विचारा. ताब्यात घेतल्याची पावती मागा आणि त्यावर कुठलं कलम लिहिलंय ते तिथेच वाचा. चार्जर आणि डिकीतलं सामान काढून घ्या. गाडी कुठे नेणार हे विचारून ठेवा, कारण टोइंगवाला एका चौकीचं नाव सांगतो आणि गाडी भलत्याच मैदानात सापडते.

किती दिवसांत सुटते?

कागद असतील आणि गाडी नियमात बसत असेल तर दोन-चार दिवसांत. नुसता दंडाचा मामला असेल तर दंड भरल्यावर, आणि बऱ्याचदा "मूळ स्थितीत आणून दाखवतो" असं लिहून दिल्यावर. गुन्हा दाखल झाला असेल तर मात्र कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा गाडी हजर करीन असं लिहून देऊन, सोडवावी लागते. जप्त वाहनं पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं कुजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सांगून ठेवलं आहे. वकिलाला एवढं नाव सांगितलं तरी पुरतं.

घाई यासाठी करा, की या गाडीला उभं राहणं सोसत नाही. पेट्रोलची स्कूटर महिनाभर पडली तर चार किका जास्त. लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडल्या की आतल्या प्लेटींवर पांढरा थर धरतो, बॅटरी "बसते" आणि परत पूर्ण चार्ज घेत नाही. पाचांचा संच बदलायचा तर दहा-बारा हजारांच्या घरात जातो. म्हणजे दंड दोन हजार आणि बॅटरी दहा हजार. गाडी जाताना चार्ज किती होता, यावर बरंच अवलंबून असतं. आवारात चार्जिंग लावू देण्याची परवानगी मागून बघा, हसतील पण कधीकधी देतात.

कारवाई डिलिव्हरीवाल्या पोरांवरच का होते?

कारण ते सगळ्यात जास्त वेळ रस्त्यावर असतात, घाईत असतात आणि लांबून ओळखू येतात. आणि खरं तेही बोललं पाहिजे: ते नियम मोडतात. मे २०२४ च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी ई-बाईकवाल्यांसाठी खास मोहीम काढली. उलट्या दिशेने येणं, सिग्नल तोडणं, नो-एंट्रीत घुसणं यासाठी गाड्या जप्त झाल्या, गुन्हे दाखल झाले. फुटपाथवरून आवाज न करता मागून येणारी गाडी एखाद्या आजीच्या कोपराला घासून गेली की तिला २५० वॅटचा नियम सांगून उपयोग नसतो.

इथे एक गैरसमज काढून टाका. गाडी मोटार वाहन नसली तरी भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागतं, सायकललासुद्धा. बेदरकारपणे चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. हजार रुपये काहीच नाहीत. पण नावावर गुन्हा राहतो, आणि पुढच्या नोकरीला पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितली की तो समोर येतो.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा माझ्या पायरीवर येऊन बसला. जालन्याकडचा. पाठीवर ती चौकोनी पिशवी, आत दोन बिर्याण्या. गाडी पुढच्या चौकात उचलली होती. मोबाईल वाजत होता, गिऱ्हाईक "कुठे आहात" विचारत होतं, आणि त्याला काय सांगावं ते सुचत नव्हतं. गाडी त्याची नव्हतीच, दिवसाच्या भाड्याने घेतलेली. लॉक मालकाने काढलेलं, कारण पंचविशीने गेलं तर ऑर्डरी पुऱ्या होत नाहीत आणि भाडं सुटत नाही. मालक फोनवर म्हणाला, गाडी सोडवून आण, तोवर भाडं चालू राहील. गाडी नऊ दिवस अडकली. नऊ दिवसांचं भाडं, दंडाचा हिस्सा, थांबलेली कमाई. बिर्याणी शेवटी आम्हीच खाल्ली, तीही त्याच्या हिशोबातून कापली गेली.

भाड्याने गाडी घेणाऱ्यांनो, एवढं करा. घेताना प्रमाणपत्राची प्रत मागा, आणि "गाडीत बदल मालकाने केले असल्यास दंड मालकाचा" ही एक ओळ कागदावर नाही तर निदान मेसेजवर लिहून घ्या.

सायकलला किट बसवली आहे. तीही धरतील का?

पॅडल मारल्यावर मदत करणारी, २५० वॅटच्या आतली मोटर, ताशी २५ ला किंवा पॅडल थांबवलं की बंद होणारी, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर: एवढं असेल तर ती सायकलच. ५०० वॅटची किट लावून हँडलवर पिळायचा थ्रॉटल बसवला असेल तर नुसती पॅडलं शोभेला ठेवून उपयोग नाही. तरी आजवर माझ्या माहितीत कुणाची सायकल धरली नाही.

मुलगी दहावीत आहे. क्लासला जायला ही स्लो स्कूटर दिली तर चालेल ना?

गाडी खरोखर नियमात बसणारी असेल तर लायसनचा प्रश्नच नाही. पण आई-बाबांनो, एकदा स्वतः ती चालवून बघा. तीसच्या वर काटा गेला की समजा, तुम्ही मुलीला विनापासिंग मोटार वाहन दिलं आहे. मग कलम १९९ए: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि मुलीला पंचविशी उलटेपर्यंत लायसन नाही. वायर दुकानदाराने काढली की मुलीच्या मित्राने, हे नंतर कुणी विचारत नाही. हेल्मेटची सक्ती असो-नसो, घालायला लावा.

अपघात झाला तर?

पोलिसांची भीती सगळ्यांना वाटते, याची कुणालाच वाटत नाही, म्हणून थोडं लांबवतो. पासिंगवाल्या गाडीने कुणाला धडक दिली तर भरपाई विमा कंपनी देते. लॉक काढलेली गाडी मोटार वाहन ठरते, पण विमा तर नाहीच. म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम, मग ती लाखांत असो, चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या खिशातून. घर, शेत, पगार, जे असेल त्यातून.

शिवाय गाडीची घडणच पंचविशीची असते. वेग २५ वरून ४५ वर नेला की गाडी थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ताकद सव्वातीन पट होते. ब्रेक मात्र तेच, छोटे ड्रमवाले, अरुंद टायर तेच. पावसात नाशिक फाट्याच्या उतारावर मी स्वतः एकदा हे तपासून पाहिलं आहे. परत पाहायची इच्छा नाही.

आता पासिंग करून घेता येईल का? एजंट आठ हजार सांगतोय.

नाही, आणि एजंटला आठ रुपयेही देऊ नका. पासिंगसाठी ते मॉडेल मोटार वाहन म्हणून चाचणी होऊन मंजूर झालेलं लागतं, आणि विक्रेत्याचा फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) व कंपनीचा फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) लागतो. तुमच्या गाडीच्या कंपनीने तसली मंजुरी कधी घेतलेलीच नसते. कायदेशीर वाट एकच, गाडी मूळ स्थितीत आणणं.

हिरवी नंबर प्लेट बनवून लावली तर?

दंडाचं प्रकरण फसवणुकीचं होईल. करू नका.

ई-बाईक टॅक्सीला सरकारने परवानगी दिली ना? मग या गाडीवर भाडं मारू का?

एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती पासिंग, विमा आणि परवाना असलेल्या इलेक्ट्रिक दुचाकींना. बिनानंबरच्या गाडीशी तिचा काही संबंध नाही.

सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतूवर चालते का? मोटार वाहन नाही म्हणता ना.

नाही चालत. तिथे दुचाकीलाच बंदी आहे, सायकललाही. दर महिन्याला एकजण हे विचारतो, आणि दर महिन्याला त्याला वाटतं की ही पळवाट त्यालाच सापडली.

भाऊ लंडनला शिकतो, तिथे ई-बाईकवर जेवण पोचवायचं म्हणतोय. नियम तेच का?

आकडे जवळपास तेच: २५० वॅट आणि ताशी साडेपंधरा मैल, म्हणजे आपले पंचवीस किलोमीटर. पण तिथे पॅडल हवंच, आणि वय किमान १४. त्यापुढची गाडी मोपेड समजतात. विमा नाही म्हणून पोलीस ती जागेवर उचलतात, वर ३०० पौंड आणि लायसनवर सहा गुण. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र धंदा करता येत नाही, आणि ॲपची डिलिव्हरी त्यातच मोडते. दुसऱ्याच्या खात्यावर काम करायचा सल्ला मित्र देतील. त्यात गाडीबरोबर व्हिसाही जातो.

नवीन गाडी घ्यायची आहे. काय बघू?

रोज दहा-पंधरा किलोमीटर, गल्लीबोळ, एकटा माणूस, एवढंच असेल तर पंचविशीची गाडी छान आहे. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका चार वर्षं भाजी आणि पेन्शनच्या कामाला तीच वापरतात. त्यांनाही दोनदा अडवलंय, कारण बाहेरून सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. दोन्ही वेळा डिकीतली लॅमिनेट केलेली झेरॉक्स दाखवून सुटले. मधे एक दिवस गेला, बीपीची गोळी चुकली, ते वेगळं.

हमरस्त्याने जायचं असेल, डबलसीट असेल, किंवा पोट गाडीवर असेल तर सरळ पासिंगवाली घ्या. बॅटरीच्या गाडीला २०२१ पासून नोंदणीची फी माफ आहे. महाग पडते ती गाडीच, आणि विमा. पण तिला नंबर असतो, आणि चूक झाली तर मेसेज येतो, गाडी जात नाही.

बिलावर मॉडेल, मोटरची ताकद आणि चासी नंबर लिहून घ्या. प्रमाणपत्रावरचं मॉडेलचं नाव आणि गाडीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. मग दुकानाबाहेरच्या रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर पिळून बघा. पंचविशीत थांबली तर घ्या. पुढे गेली आणि दुकानदार "बघा कशी पळते" म्हणाला, तर चहा पिऊन निघा.

तुमच्याकडे लॉक काढून मिळेल का?

नाही. दुसरीकडे मिळेल, मला माहीत आहे.

परत बसवून?

हो. कंट्रोलर मूळचा असेल तर दहा मिनिटांचं काम, पैसे नाहीत. जादा बॅटरी काढायची असेल तर दोनशे रुपये. कंट्रोलर बदललेला असेल तर मूळचा शोधावा लागतो, त्याला आठवडा जातो. काम झालं की काय केलं ते लिहून, सही-शिक्का मारून कागद देतो. तो ठाण्यात चालेल याची हमी देत नाही, पण आजवर बऱ्याच गाड्या त्या कागदावर सुटल्या आहेत. गुरुवारी वीज नसते, त्या दिवशी येऊ नका.